नकळत झालेल्याचा हिशेब

बायबलमधलं लेवीय हे पुस्तक भाविक माणूससुद्धा भरभर उलटतो. यज्ञ, चरबी, रक्त, राख. पण त्याच्या चौथ्या आणि पाचव्या अध्यायांशी मी थांबतो. नकळत पाप घडलं तर काय करायचं, याचा तिथे तपशीलवार विचार आहे. याजकाच्या हातून घडलं तर गोऱ्हा द्यावा, अधिपतीच्या हातून घडलं तर बकरा, सामान्य माणसाच्या हातून घडलं तर बकरी किंवा मेंढी. तेवढी ऐपत नसेल तर दोन पारवे किंवा होले. तेही जमत नसेल तर शेर-दोन शेर सपीठ. गरीब म्हणून कुणाला सूट नाही आणि गरीब म्हणून कुणाची वाटही अडवलेली नाही. माहीत नसलं तरी माणूस दोषी ठरतो, असं पाचवा अध्याय स्पष्ट म्हणतो. मात्र अर्पण घेऊन यायची वेळ येते ती चूक ध्यानात आल्यावर.

ख्रिस्ती माणसाला हे यज्ञ करायचे नाहीत. प्रभूने एकदाच, सर्वांसाठी आपला प्राण दिला, हा आमचा विश्वास. मग नकळत घडलेल्याची जबाबदारीही संपली का? येशूने दोन चाकरांचा दृष्टान्त दिला आहे. धन्याची इच्छा माहीत असून न वागणाऱ्याला फटके जास्त, माहीत नसलेल्याला कमी. कमी आहेत, पण आहेत. आणि वधस्तंभावर त्याने क्षमा मागितली ती आपण काय करतोय हे न कळणाऱ्यांसाठीच. दोषच नसता तर क्षमा कशासाठी मागितली असती?

हे सगळं मला नव्याने वाचायला लागलं ते एका मक्याच्या शेतामुळे. देऊळगाव राजा हे बालाजी महाराजांचं गाव. इथे आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं मोजकी, त्यामुळे आठवड्याची प्रार्थना सभा कुणाच्या तरी ओसरीवरच भरते. आमच्यातल्या एका शेतकऱ्याने मक्यात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं. मक्याला ते चालतं, रुंद पानांचं तण तेवढं मरतं. पण कपाशीही रुंद पानांचीच, आणि या औषधाचा नुसता वाफारा गेला तरी तिला बाधतो. धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याची कपाशी होती. आठवडाभरात तिची शेंड्याची पानं लांबट, अरुंद होऊन बोटांसारखी फाकली, अगदी भेंडीच्या पानासारखी. शिरा ताणल्यासारख्या वर आल्या. शेजाऱ्याला वाटलं व्हायरस आला. मग वाटलं बियाणंच बोगस. तो दुकानदाराशी भांडून आला. जाणकाराने पानं हातात घेऊन कारण सांगितलं, तेव्हा कुठे उलगडा झाला.

त्या आठवड्याच्या सभेत आमचा हा भाऊ प्रार्थनेला बसला, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. "माझ्याकडून पाप झालं का?" एवढंच त्याने विचारलं. एक मावशी म्हणाल्या, "तुझ्या मनात नव्हतं ना बाप्पा? देव मन पाहतो." दुसऱ्याने सांगितलं की प्रभूच्या रक्ताने सगळं धुतलं गेलं आहे, ओझं घेऊ नको. दोन्ही बोलणी खरी होती, आणि प्रेमाने सांगितलेली. तरी मला ती अपुरी वाटली, कारण दोन्हींत शेजारी कुठेच नव्हता. आपण स्वच्छ की अस्वच्छ, एवढ्याभोवतीच ती फिरत होती, आणि तिकडे कपाशी वाकडीच उभी होती.

स्वतःपुरती ही काळजी जुनीच आहे. इथून जालना जवळ. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. ते ख्रिस्ती झाले 1843 साली, मुंबईत. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत त्या वेळी अजाण पोर होता. तोही मिशनऱ्यांकडे राहिला होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केलं. मग जातीत मोठा वाद पेटला, की याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यायचं की नाही. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांना त्यासाठी पुष्कळ सोसावं लागलं. त्या पोराने कुणाचं काय बिघडवलं होतं? कुणाचंच नाही. तरी त्याला लागलेल्या विटाळावर शहाणी माणसं भांडत राहिली. स्वतःच्या डागाची ही काळजी फक्त त्यांचीच होती असं नाही. आम्ही ख्रिस्तीही प्रार्थनेत बहुतेक वेळा तीच घेऊन बसतो.

लेवीयमधल्या नियमशास्त्राला ती काळजी आहेच, पण ते तिथे थांबत नाही. देवाच्या पवित्र वस्तूंबाबत कुणी नकळत चुकला, तर त्याने एडका तर द्यायचाच, शिवाय नुकसान भरून द्यायचं आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा. धर्मोपदेशक जॉन वेस्लीनेही नकळत घडलेलं हिशेबातून वगळलं नाही. जाणूनबुजून केलेला आज्ञाभंग तेवढाच खऱ्या अर्थाने पाप, असं तो म्हणे, पण नकळत झालेल्यालाही ख्रिस्ताच्या प्रायश्चित्ताची गरज आहेच, हेही तो सोडत नसे.

आणि न कळणं सगळं एकाच जातीचं नसतं. धर्मपंडित थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात याची फोड केली: जे कळून घेणं माणसाच्या आवाक्यात होतं ते अज्ञान वेगळं, नव्हतं ते वेगळं. फवारणीबाबतचं अज्ञान आता पहिल्या प्रकारात मोडतं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर विदर्भातल्या कुठल्याही मालकाला, मजुराच्या पाठीवर पंप देताना, मला माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, सोबत घडीपत्रिका असते. तिची अक्षरं मुंगीएवढी, हे खरं. मग ती ज्याला वाचता येते त्याने वाचून दाखवावी. मंडळीत शिकलेली पोरं आहेत, त्यांचं हे काम आहे. न वाचता फेकून दिलेल्या पत्रिकेचं अज्ञान देवापुढे नेऊन ठेवायला माझा जीव धजावत नाही.

आमचा भाऊ दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडे गेला आणि फवारणी आपली होती हे त्याने सांगितलं. शेजारी आधी तापला, मग गप्प झाला. वेचणीनंतर उत्पन्न पाहून भरपाई ठरवायची, असं दोघांत ठरलं. आकडा त्यांचा ते ठरवतील. पण शेजाऱ्याने दुकानात केलेल्या भांडणात दुकानदाराच्या बियाण्याची चारचौघांत बदनामी झाली होती, तिचं काय? ती आमच्या भावाने केली नव्हती, त्याला ठाऊकही नव्हती. तरी तो शेजाऱ्याला घेऊन बाजाराच्या दिवशी त्या दुकानात गेला, आणि गिऱ्हाइकं उभी असतानाच सांगितलं की बियाण्यात खोट नव्हती.