चढ, पाणी आणि निवांत सायकल

ज्या सायकलप्रवासात घड्याळाशी स्पर्धा नसते आणि कामावर पोहोचण्याची घाईही नसते, त्याला निवांत सायकलभ्रमण म्हणता येईल. परंतु या निवांतपणाचा खरा कस डोंगराळ मुलखातच लागतो, कारण तेथे वेग आपोआप मंदावतो आणि शरीराला जमिनीच्या उंचसखलपणाची दखल घ्यावीच लागते. शंभर मीटर अंतरात पाच मीटर उंची वाढली, तर तो पाच टक्क्यांचा चढ मानला जातो. मोटारीत बसलेल्याला तो फारसा जाणवत नाही, सायकलस्वाराला मात्र तो श्वासागणिक मोजता येतो.

चढाशी जुळवून घेणाऱ्या तंत्राला पहिला आश्रय मिळाला तोही प्रामुख्याने भटकंतीत. फ्रान्समधील सेंत-एतियेन येथे 1887 साली ‘ल सिक्लिस्त’ हे नियतकालिक सुरू करणारे पॉल द व्हिव्ही ऊर्फ व्हेलोसिओ (1853–1930) यांनी प्रवासी सायकलीसाठी अनेक गिअरांचा हिरिरीने पुरस्कार केला. उलट टूर द फ्रान्सचे संस्थापक आंरी देग्रांज यांचा या सोयीला विरोध होता, आणि साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी ‘डिरेलर’ ही यंत्रणा त्या शर्यतीतील सर्व स्पर्धकांना 1937 मध्येच वापरता आली. शर्यतीने ज्याला दुर्बलांची सोय मानले, ते हौशी प्रवाशांनी आधीच आपलेसे केले होते.

महाराष्ट्रात अशा भ्रमणासाठी नाशिक जिल्ह्यातील गंगापूर धरणाचा परिसर आणि दिंडोरीकडील द्राक्षमळे प्रसिद्ध आहेत. ‘सुला’ या येथील वाइनकंपनीची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली, पुढच्याच वर्षी राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आखले आणि या भागात वाइनउद्योग वाढला. द्राक्षवेलीच्या मुळांना साचलेले पाणी मानवत नाही, म्हणून निचरा देणारा उतार तिला उपकारक ठरतो. युरोपात द्राक्षांची तोडणी प्रामुख्याने सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. येथे पावसाळा सरताना केलेल्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळधारणेसाठी केलेल्या छाटणीनंतर, वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात होते, आणि थंड रात्री फळातील आम्लता टिकवण्यास मदत करतात. हिवाळ्याचे हेच दिवस सायकलीलाही सोयीचे असल्यामुळे मळा आणि रस्ता यांचा हंगाम येथे जुळतो. मात्र वाइनचा पेला दिवसाचा शेवटचा उतार उतरून झाल्यावरच हाती घ्यावा, हे पथ्य पाळणे अत्यावश्यक आहे.

अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरापासून हे मळे दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहेत, पण चढाची ओळख व्हायला इतक्या दूर जाण्याची गरज नाही. गर्भगिरीच्या रांगेतील डोंगरगण, मांजरसुंबा गड, गोरक्षनाथ गड आणि वांबोरी घाट हे सावेडीच्या आवाक्यातले आहेत. जमिनीच्या उताराशी अहिल्यानगरचे नाते जुने आहे. 1490 साली वसलेल्या या शहरासाठी निजामशाहीत शेंडी, कापूरवाडी आणि वडगाव यांसारख्या गावांकडून खापरी नळांनी, म्हणजे भाजलेल्या मातीच्या नळांनी, पाणी आणले गेले. ते कोणत्याही यंत्राविना केवळ उताराच्या बळावर वाहत असे. जमिनीचा कल ओळखण्याची जी दृष्टी त्या योजनेमागे होती, तिची थोडीशी जाणीव या रस्त्यांवर सायकल हाकणाऱ्यालाही होऊ शकते.

अर्थात निवांतपणा सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. कॅरिअरला दुधाच्या किटल्या अडकवून जाणाऱ्यासाठी तोच चढ रोजच्या कष्टाचा भाग असतो, आणि याचे भान न ठेवणारी हौस केवळ मिरवणे ठरते. म्हणून डोंगरातील सायकलप्रवासाचे मोल महागड्या सायकलीवरून किंवा वाटेतील वाइनवरून न ठरवता, त्यातून मुलखाची किती ओळख झाली यावरून ठरवावे, आणि सावेडीकरांनी त्याचा आरंभ नाशिकच्या आधी डोंगरगणच्या रस्त्याने करावा. गिअर नसलेल्या साध्या सायकलीवरूनही तो करता येतो, आणि चढावर उतरून सायकल ढकलावी लागली तरी त्यात कमीपणा नाही.