आडनांव बदलणें असत्य आहे काय?

थेरगांवांत राहणाऱ्यास थेरगांवकर कोणी म्हणत नाहीं. तो पवनेचा कांठ सोडून परगांवीं वस्तीस गेला, म्हणजे तेथील लोक त्यास तें नांव देतात. 'कर' लागलेलें आडनांव बहुधा असें परक्या तोंडून मिळालेलें असतें. 1954 सालीं पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कारखान्याची स्थापना झाली, मागून इतर कारखाने आले, आणि थेरगांवांत नाना जिल्ह्यांचीं आडनांवें शेजारीं नांदूं लागलीं.

परंतु भाड्यानें खोली मागणाऱ्यास आधीं आडनांव विचारितात व त्यावरून जात ताडतात. म्हणून आमचे कांहीं बंधु पुसतात कीं, वाडवडिलांचें आडनांव टाकून गांवाचें घेतलें तर तें असत्य होईल काय? आमच्या मतें नाहीं. डॉ. आंबेडकरांच्या घराण्याचें आडनांव सकपाळ. आंबडवे ह्या मूळ गांवावरून पुढील नांव आलें. त्यांत कोणी लबाडी पाहत नाहीं. उलटपक्षीं, ना. वा. टिळक 1895 सालीं ख्रिस्ती झाले व टिळकच राहिले. मात्र त्या आडनांवानें जातीपायीं कोणतें दार बंद होत नव्हतें, हेंही वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

गांवाचें नांव सर्वदा आडोसा देतें असेंही नाहीं. नासरेथ हें नांव ऐकतांच नथनेलानें नाक मुरडलें होतें. तेंच नांव, योहान सांगतो, प्रभूच्या वधस्तंभावरील लेखांत होतें. दोष आहे तो विचारणाऱ्याच्या हेतूंत. आमच्या मंडळ्यांतही घरमालक आहेत, आणि त्यांतील कित्येक दारांत उभ्या असलेल्या मनुष्यास पहिला प्रश्न हाच करितात.