सांठविलेला नाद आणि जिवंत वादन

एखादें जुनें यंत्र विकत घ्यावें कीं घेऊं नये, हा प्रश्न वरवर पाहतां नीतिशास्त्राचा नव्हे. तो बाजाराचा आहे. परंतु तें यंत्र दुसऱ्याच्या हातून निघालेला नाद सांठवून ठेवणारें असेल, आणि तो नाद श्रोत्यांपुढें प्रत्यक्ष वादन म्हणून सादर व्हावयाचा असेल, तर किंमत ठरविण्यापूर्वीं आणखी एक गोष्ट ठरवावी लागते. प्रत्यक्ष वादन म्हणजे काय?

आमच्या गोंदिया जिल्ह्यांत हा प्रश्न काल्पनिक नाहीं. दिवाळीनंतर येथें गांवोगांव मंडई भरते, आणि तेव्हांपासून होळीच्या सुमारापर्यंत झाडीपट्टीचीं नाटकें रात्र रात्र चालतात. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत पसरलेल्या या रंगभूमीच्या पुष्कळशा मंडळ्यांचें ठाणें गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा येथें आहे. नाटकांतील गाण्यांना वादक तेथेंच बसून साथ करतात. या साथींत ऑर्गन व तबला यांच्या शेजारीं ऑक्टोपॅड येऊन बसला, त्याला आतां बरींच वर्षें झालीं. नवें यंत्र परवडत नाहीं, म्हणून मंडळीचा चालक जुन्याच्या शोधांत निघतो. आणि तेथेंच त्याच्या मनांत एक हिशेब डोकावतो: हें यंत्र आलें, तर ढोलकीवाल्याची बिदागी वांचेल काय?

हीं यंत्रें दिसावयास एकसारखीं, पण गुणानें निराळीं. रोलंड या जपानी कंपनीच्या एसपीडी-२० मध्यें कारखान्यांत भरलेले नादच वाजतात. २००३ सालच्या एसपीडी-एस मध्यें व २०११ सालच्या एसपीडी-एसएक्स मध्यें मात्र आपण मुद्रित केलेला नाद भरतां येतो. अशा यंत्रालाच सॅम्पलर म्हणतात. पहिल्यांत पुष्कळ नाद सांठवावयाचे तर कॉम्पॅक्ट फ्लॅश जातीचें कार्ड लागतें, जें आतां सहज मिळत नाहीं. दुसऱ्यांत दोन गिगाबाइटची सोय अंगचीच आहे. कल्पना मात्र याहून जुनी. १९६३ सालीं इंग्लंडांत निघालेल्या मेलोट्रॉन वाद्यांत प्रत्येक पट्टीसाठीं ध्वनिफितीचा एक तुकडा असे, आणि पट्टी दाबली कीं त्यावर मुद्रित झालेला बासरीचा किंवा व्हायोलिनचा सूर सुमारें आठ सेकंद ऐकूं येई.

सांठविलेला नाद म्हणजे फसवणूक, असें कांहीं संगीतप्रेमी म्हणतात. त्यांनीं पेटीचा इतिहास आठवावा. तिच्या सुरांत मींड नाहीं, इत्यादि आक्षेपांमुळें ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिला दार बंद केलें. तें किलकिलें व्हावयास १९७१ साल उजाडलें. मराठी रंगभूमीनें मात्र गोविंदराव टेंब्यांच्या बोटांतून तिला केव्हांच आपली मानली होती. सॅम्पलरमध्येंहि उणीव आहे. ढोलकीच्या बायावर तळवा सरकतांना निघणारी घुमक त्या रबरी चौकटींतून हवी तशी वळवितां येत नाहीं. पण उणीव म्हणजे अप्रामाणिकपणा नव्हे. प्रत्येक वाद्य कांहीं देतें व कांहीं नाकारतें.

खरा भेद दुसरीकडे आहे. सॅम्पलर दोन रीतींनीं वाजतो. एका आघाताला एक नाद, ही पहिली रीत. एका आघातानें तालाचें संपूर्ण चक्र सुरू करून हात मोकळा ठेवावयाचा, ही दुसरी. आतां नाटकांत काय घडतें पाहा. करुण प्रसंगीं नट एखादा हुंदका नेहमींपेक्षां लांबवितो; गायिकेला वन्स मोअर मिळतो; कोणी वाक्य विसरतो. हाताचा वादक त्यांच्यासाठीं थांबतो, पुन्हां लय उचलतो, आणि चुकला तर ती चूक त्याची असते. चक्र कोणासाठीं थांबत नाहीं. तेथें नाद आहे, पण त्या नादाबद्दल जाब देणारें कोणी नाहीं. माझ्या मतें वादनाचें जिवंतपण नादाच्या उगमांत नसून या उत्तरदायित्वांत आहे. आणि त्याची सर्वांत साधी खूण म्हणजे दुसऱ्यासाठीं थांबतां येणें.

हें मान्य केलें, कीं जुनें यंत्र पारखण्याची कसोटी आपोआप हातीं येते. विकणारा नादांची संख्या सांगतो. घेणाऱ्यानें हाताशीं असलेलें त्या यंत्राचें नातें तपासावें. हलक्या थापेला हलका व जोरकस थापेला जोरकस नाद निघतो काय? आघात व नाद यांत जाणवण्याइतकें अंतर पडतें काय? एका चौकटीवर मारतां शेजारची बोलत तर नाहीं ना? वर्षानुवर्षें काठी पडून एखादा कोपरा बहिरा झाला आहे काय? आणि खेड्यांत हमखास होतें त्याप्रमाणें वीज गेली व आली, तर तें किती वेळांत पुन्हां बोलूं लागतें?

आणखी एक विचार. जुन्या यंत्रांत पुष्कळदां पूर्वीच्या मालकाचे नाद तसेच राहिलेले असतात. ती थाप कोणाची, हें आपणांस ठाऊक नसतें. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९९४ च्या दुरुस्तीनें वादकादि कलावंतांचे हक्क व २०१२ च्या दुरुस्तीनें त्यांचे नैतिक हक्क मान्य झाले आहेत. एकेका थापेला तो कायदा कितपत लागूं पडेल, हें वकिलांनीं ठरवावें. सज्जनानें मात्र अनोळखी नाद पुसून टाकावे, आणि आपल्याच ढोलकीवाल्याला बसवून, त्याच्या संमतीनें व योग्य मोबदला देऊन, त्याची थाप मुद्रित करावी.

मग चालकाच्या त्या हिशेबाचें उत्तर काय? बिदागी वांचविण्यासाठीं घेतलेला सॅम्पलर मंडळीला चक्राकडेच नेईल, कारण थांबणारा हातच तिनें काढून टाकलेला असेल. तोच सॅम्पलर ढोलकीवाल्यापुढें ठेवला, तर घुमकेसाठीं तो ढोलकीकडे वळेल, मेघगर्जनेसाठीं यंत्राकडे, आणि नट हुंदका लांबवील तेव्हां दोन्हीं हात आंवरून बसेल. यंत्र घेऊं नये असें मी म्हणत नाहीं. तें पारखावयास मात्र ढोलकीवाल्यालाच बरोबर न्यावें.