आमचे बाबा पुढे उभे आहेत

रांगेत घरातल्या एकाने उभं राहायचं आणि बाकीच्यांनी आयत्या वेळी येऊन त्याला मिळायचं, हे बरोबर आहे का? प्रश्न किरकोळ वाटतो. पण सोडवायला बसलं की त्यातून आपलं-परकं, कर्तव्य, हक्क असं बरंच काही निघतं. मला तो सगळ्यात स्वच्छ दिसला स्नो ट्यूबिंगच्या पार्कात, म्हणून तिथलंच उदाहरण घेतो.

स्नो ट्यूबिंग म्हणजे फुगवलेल्या रबरी ट्यूबमध्ये बसून बर्फाच्या उतारावरून घसरत येणं. उतारावर बर्फाचे बांध घालून शेजारी शेजारी लेन्स आखलेल्या असतात. खालून ट्यूब घ्यायची, सरकत्या पट्ट्यावरून वर जायचं, लेन मोकळी झाली की कर्मचारी खूण करतो आणि काही सेकंदांत आपण खाली. ट्यूबला ब्रेक नाही, स्टीअरिंग नाही. स्कीइंग शिकावं लागतं आणि त्याचं सामानही महाग. इथे शिकण्यासारखं काहीच नाही, उंचीची अट पार केली की झालं. म्हणून इथे सबंध घरंच्या घरं येतात. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना पेनसिल्व्हेनियातले पोकोनो डोंगर गाडीने दीड-दोन तासांवर. जानेवारीतला मार्टिन ल्युथर किंग दिन आणि फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डे, दोन्ही सोमवारी येतात. त्या जोडसुट्ट्यांना तिथे पाय ठेवायला जागा नसते.

तिथला बर्फही बराचसा यंत्राने केलेला असतो. 1950 साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात तिघा जणांनी रंग फवारायचा कॉम्प्रेसर आणि बागेत पाणी घालायची नळी जोडून बर्फ पाडून दाखवला. तेव्हापासून दाबलेली हवा आणि पाणी फवारून उतार पांढरे करण्याचा धंदा वाढला. म्हणजे उतार कुठे आणि लेन्स किती हे फक्त आभाळावर अवलंबून राहिलं नाही, ते पार्क ठरवतं. आणि लेन्स ठरल्या की तासाभरात किती जणांना घसरता येणार, हेही ठरलं.

अशाच एका पार्कात आम्ही काही मित्र सुट्टीच्या दिवशी गेलो होतो. वरच्या सपाटीवर, लेन्सच्या तोंडाशी मोठी रांग होती. आमच्या थोडं पुढे एक गृहस्थ एकटेच ट्यूब घेऊन उभे. त्यांचा नंबर जवळ आला तसा त्यांनी फोन केला, आणि थोड्याच वेळात पट्ट्यावरून सात जण वर आले. बायको, भाऊ, वहिनी, तीन मुलं आणि शाल गुंडाळलेली आजी. खाली शेकोटीपाशी गरम चॉकलेट पीत बसले होते. रांगेच्या कडेने पुढे सरकत ते म्हणत होते, “सॉरी, आमचे बाबा पुढे उभे आहेत.” लोक बाजूला होत होते. आमच्या पुढे एक बाई दोन मुलांना घेऊन उभी होती. ती बाजूला झाली, आणि मग कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, “आम्ही तिघंच आहोत. आमच्याकडे उभं करायला माणूस नाही.”

ते कुटुंब कुठल्या देशाचं होतं हे सांगत नाही, कारण त्याने फरक पडत नाही. त्या दिवशी सगळ्या रंगांची आणि भाषांची घरं हेच करत होती. त्या गृहस्थांना दोष देणंही मला सोपं वाटत नाही. त्यांनी घरासाठी थंडी सोसली. सगळ्यात लहान मुलाचे हातमोजे भिजलेले होते. आजीला तेवढा वेळ वाऱ्यात उभं करणं क्रूरपणा झाला असता. आपल्याकडे याला चांगला बाप म्हणतात.

पण त्या बाईचं वाक्य डोक्यातून जाईना. मी सॉफ्टवेअरवाला, आमचे सर्व्हरही दिवसभर रांगाच सांभाळत असतात. रांगेचं गणित जुनं आहे. 1909 मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नेर एर्लांगने फोन जोडून मिळेपर्यंत लोकांना किती थांबावं लागतं याच्या अभ्यासातून त्याचा पाया घातला. 1961 मध्ये जॉन लिटलने एक साधा नियम सिद्ध केला. ढोबळमानाने तो असा : रांगेतली माणसं भागिले मिनिटाला सुटणारी माणसं, म्हणजे थांबायचा वेळ.

तो इथे लावून बघू. समजा दहा लेन्स आहेत आणि प्रत्येकीतून 40 सेकंदांनी एक जण सुटतो. म्हणजे मिनिटाला 15 जण. आणि समजा त्या गृहस्थांच्या मागे 200 जण आहेत. सात जण पुढे घुसले, तर मागच्या प्रत्येकाला 28 सेकंद जास्त थांबावं लागेल. एवढंच. अठ्ठावीस सेकंदांत कुणाचं काय बिघडतं? आता बेरीज करा. 200 जणांचे 28 सेकंद म्हणजे 5600 सेकंद, जवळपास दीड तास. दुसऱ्या बाजूने मोजा. ते सात जण शेपटाशी उभे राहिले असते तर प्रत्येकाला 13 मिनिटं 20 सेकंद जास्त थांबावं लागलं असतं. सात जणांचे मिळून तेही 5600 सेकंदच. सेकंदाचाही फरक नाही.

हा योगायोग नाही. लेन्स तेवढ्याच आहेत, त्यामुळे रांगेत वेळ वाचवता येत नाही, फक्त एकाकडून दुसऱ्याकडे सरकवता येतो. आजीचा आणि नातवंडांचा वाचलेला वेळ बाबांनी दिला असं वाटतं, पण बाबांनी दिला तो फक्त स्वतःचा. बाकीचा दीड तास मागच्या लोकांकडून आला, न विचारता. याला मराठीत चपखल म्हण आहे : हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

पण कुणाला जाणवलंच नाही, तर ते नुकसान म्हणायचं का? डेरेक पार्फिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1984 च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या पुस्तकात याच पळवाटेवर बोट ठेवलं आहे. कल्पना करा, तो म्हणतो, हजार कैदी आहेत आणि हजार छळणारे. प्रत्येक छळणारा एक बटण दाबतो, त्याने प्रत्येक कैद्याची वेदना इतकी थोडी वाढते की कुणालाच कळत नाही. सगळ्यांनी बटण दाबलं की वेदना असह्य होते. प्रत्येक जण म्हणू शकतो, माझ्यामुळे कुणालाच काही झालं नाही. बर्फाच्या रांगेत कुणाचा छळ होत नसतो, पण हिशेबातली चूक तीच. एका घराचे 28 सेकंद कळत नाहीत. तीस घरांनी तेच केलं की चौदा मिनिटं होतात. तिकीट दोन-तीन तासांचंच असेल, तर तेवढ्यात एखादी फेरी गेलीच. आणि ती कुणाची जाते? ज्यांच्या घरात रांगेत उभं करायला जादा माणूस नाही त्यांची. मोठ्या घराला मिळालेली सवलत लहान घर भरतं.

यावर लगेच कुणी म्हणेल, आपल्या लोकांना रांगेची शिस्तच नाही. मला ते पटत नाही. जागा धरून ठेवणं ही आपल्याकडे एके काळी शिस्तच होती. आई सांगते, रेशनच्या दुकानापुढे रॉकेलचे डबे रांगेत लावून माणसं सावलीत बसायची, आणि डबा हलवायची कुणाची हिंमत नसायची. ते चालायचं, कारण रेशन कार्डावर मिळायचं. घरातून एक जण येवो की आठ, रॉकेल तेवढंच. तिथे रांगेचं एकक माणूस नव्हतं, घर होतं. एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल मात्र वेगळा. तो एका सीटपुरता असेल तोवर भांडण होत नाही. एकाच माणसाने सहा सीटवर सहा रुमाल टाकले की होतं. म्हणजे जागा धरावी का, हा प्रश्न अर्धवट आहे. त्या जागेवर किती वाटे उचलले जाणार, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही.

गंमत म्हणजे ट्यूबिंगमध्ये याचं उत्तर बदलता येतं. बऱ्याच पार्कांत बर्फाची स्थिती बरी असेल तेव्हा तीन-चार ट्यूब एकमेकींना धरून एकत्र सोडतात. बर्फ फार कडक आणि वेगवान असेल तर एकेकालाच सोडतात. आता तेच आठ जण चार-चारच्या दोन साखळ्यांनी एकेका लेनमधून गेले, तर एका खेपेऐवजी दोनच खेपा लागल्या. मागच्यांना 28 सेकंदांऐवजी चार सेकंद जास्त. चौघंच असते आणि एकाच साखळीतून गेले असते, तर बाबांनी एकट्याने थांबण्यात कुणाचंच काही गेलं नसतं. माणसं तीच, प्रेम तेच, पण बर्फ कडक झाला की सभ्य वागणं दुसऱ्याच्या वाट्यात हात घालणं होतं.

माझ्या या हिशेबावर एक आक्षेप मला खरोखर महत्त्वाचा वाटतो. बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाने एका माणसाचं उदाहरण चर्चेला घेतलं होतं. दोघं संकटात आहेत, त्याला एकालाच वाचवता येईल, आणि त्यातली एक त्याची बायको आहे. ‘ती माझी बायको आहे, आणि अशा वेळी बायकोला आधी वाचवणं नीतीला मान्य आहे’ असा विचार करून जो उडी मारतो, त्याने गरजेपेक्षा एक विचार जास्त केला, असं विल्यम्सचं म्हणणं. खरं आहे. आपल्या माणसावर हिशेब मांडून प्रेम करणारा कुणालाच नको असतो. कुडकुडणाऱ्या नातवंडाकडे बघून आजोबा भागाकार करायला बसले तर ते आजोबा कसले?

पण बुडणारी बायको आणि रांगेतली फेरी यांत फरक आहे. तिथे जीव आहे, इथे हौस आहे. आणि आपल्या माणसांसाठी झिजणारे त्याच पार्कात मला कितीतरी दिसले. कुणी वहिनी सगळ्यांचे फोन आणि जॅकेटं सांभाळत दिवसभर बाकावर बसली होती. एका आईने आपली फेरी सोडून घाबरलेल्या मुलीला पट्ट्यावरून परत खाली नेलं. हे पक्षपातच आहेत, पण स्वतःच्या खिशातून केलेले. त्यांच्यापायी कुणा अनोळखी बाईला बाजूला व्हावं लागलं नाही.

हाच निकष पैशालाही लागतो. डिस्नेने 1999 मध्ये रांग टाळायची सोय सुरू केली तेव्हा ती फुकट आणि सर्वांसाठी होती. 2021 पासून तिचे पैसे पडू लागले. विकत घेणाऱ्याची मिनिटं वाचतात, ती न घेणाऱ्यांच्या मिनिटांतून. फरक एवढाच, की किंमत रांगेतल्यांना मिळत नाही, पार्कला मिळते. निदान त्या बाबांनी तरी कुणाचा वेळ विकला नव्हता.

मग आजीने वाऱ्यात उभं राहायचं का? नाही. तिला आणि लहानग्याला आत घ्यायला त्या रांगेत कुणी नाही म्हटलं असतं असं मला वाटत नाही, ती दोन मुलांची आईसुद्धा. पण त्यासाठी मागे वळून विचारावं लागतं, आणि विचारताना नकाराची तयारी ठेवावी लागते. “आमचे बाबा पुढे उभे आहेत” हे वाक्य माफीसारखं ऐकू येतं, पण त्यात कुणाला नाही म्हणायला जागा नसते. “आजींना थंडी सोसत नाही, आम्ही दोघं पुढे जाऊ का?” यात ती असते. आणि शेकोटीपाशी बसलेल्या धडधाकट भावाने, वहिनीने शेपटाशी जाऊन उभं राहावं. तेरा मिनिटं आणि वीस सेकंद फक्त.