उपऱ्याचा साक्षीदार

रायपूर येथील आमच्या मंडळीतील एक सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी गेली काही वर्षे रोज सायंकाळी बुद्धिबळ खेळावयास एका शेजाऱ्याकडे जातात. शेजारी सिंधमधून आलेले वृद्ध हिंदू गृहस्थ. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर त्यांचे येथील वास्तव्य चालले होते. एके दिवशी त्यांनी पटाशेजारी एक कागद ठेवला. नागरिकत्वाच्या अर्जासोबत अर्जदाराच्या चारित्र्याविषयी एका भारतीय नागरिकाचे शपथपत्र लागते, ते आपण द्याल का, असे त्यांनी संकोचून विचारले.

आमचे मित्र अस्वस्थ होऊन माझ्याकडे आले. म्हणाले, “सही करण्यास माझी काहीच हरकत नाही. पण उद्यापासून ते माझ्याशी मोकळेपणाने भांडतील काय?”

वाचकहो, हा प्रश्न क्षुल्लक नाही. मैत्री बरोबरीची असते. येथे तर एक जण दुसऱ्याच्या सचोटीचा जामीन होणार.

रायपूरला निर्वासित नवे नाहीत. 1964 पासून पूर्व पाकिस्तानातून आलेली हजारो कुटुंबे येथील माना छावणीतून पुढे दंडकारण्यात गेली. तरीही भारताने 1951 च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. जे काही मिळते ते अधिसूचनांच्या मार्गाने मिळते. 2016 साली काही निवडक जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले, त्यांत रायपूर होते. 2019 च्या दुरुस्तीचे नियम 2024 च्या मार्चमध्ये आले आणि मुदत संपलेला पारपत्रही पुरावा म्हणून चालू लागला. त्यापूर्वी याच गृहस्थांना एका कार्यालयाने पारपत्राचे नूतनीकरण करून आणण्यास सांगितले होते. ज्या देशातून जीव मुठीत धरून निघालो, त्याच देशाच्या वकिलातीच्या दारात पुन्हा उभे राहायचे! युरोपातही निराळे नाही. 1990 साली डब्लिन येथे झालेल्या कराराने असे तत्त्व घातले की, आश्रिताचा अर्ज सामान्यतः त्याने प्रथम पाय ठेवलेल्या देशानेच तपासावा. समुद्र ओलांडून इटलीत उतरलेल्या आफ्रिकी तरुणाचा भाऊ जर्मनीत असला, तरी बोटांचे ठसे त्याला मागे ओढतात.

भाषांतराच्या कामात इब्री ‘गेर’ या शब्दापाशी मी अनेकदा थबकलो आहे. मराठीत त्याच्या सर्वांत जवळचा शब्द ‘उपरी’. पेशवाईतील गावगाड्यात मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असे; उपरी तशीच जमीन कसे, पण त्याला तो हक्क नसे. लेवीय 19:34 मध्ये अशा माणसावर प्रीती करण्याची आज्ञा आहे, आणि कारण दिले आहे ते इस्राएलाने मिसरात काढलेल्या दिवसांचे. उपऱ्याच्या उपासनेची चौकशी तेथे नाही. पुढे अलेक्झांड्रियातील ग्रीक भाषांतरकारांनी ‘गेर’साठी बहुतेक ठिकाणी ‘प्रोसेल्युतोस’ हा शब्द योजला, आणि नव्या कराराच्या काळापर्यंत त्याचा अर्थ धर्मांतरित असा झाला. उंबरठ्यावरच्या माणसाला त्याचा धर्म विचारला जाऊ लागला, तो असा एका शब्दाच्या आडून. (भाषांतरकारांनी यावरून धडा घ्यावा, मी घेतला आहे.) 2019 च्या कायद्यातील सहा धर्मांच्या यादीत ख्रिस्ती आहेत, म्हणून आपण निश्चिंत बसावे, हे मला पटत नाही. यादीबाहेरचा मनुष्यही त्याच रात्री तीच सीमा ओलांडतो.

मी मित्राला रूथच्या पुस्तकाचा चौथा अध्याय वाचावयास सांगितले. बवाज वेशीत गेला; त्या काळचे कार्यालय ते. दहा वडीलधाऱ्यांना त्याने बसवून घेतले आणि मवाबी स्त्रीचा प्रश्न सर्वांसमक्ष सोडवला. शेतात सरवा वेचू देणे ही त्याची दया होती. वेशीत जाणे मात्र निराळे होते, कारण तेथे त्याने स्वतःचे नाव गुंतवले. शपथपत्रातही तेच घडते. साक्ष देणारा उपकारकर्ता होतो, असे आपण समजतो. वास्तविक साक्षीदारही आपल्या शब्दासाठी उत्तरदायी होतो. धोका दोघांचा, म्हणून बरोबरी शिल्लक राहते, असे माझे मत. मित्राला ते पूर्ण पटले नाही.

तरी त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी भेटले तेव्हा मोठ्या आनंदाने म्हणाले, “काल घोड्याच्या एका चालीवरून आमचे कडाक्याचे भांडण झाले.”