कुत्र्याचा विमानप्रवास: भीती कुठे, धोका कुठे

विमानाच्या खालच्या सामानकक्षात हवा नसते, तेथे हाडे गोठवणारी थंडी असते आणि त्यामुळे तेथे ठेवलेले कुत्रे गुदमरून किंवा गारठून मरते, हा समज परदेशी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत इतका रुजलेला आहे की, तो कोणी खोडून काढला तरी मन ते मानायला तयार होत नाही. वस्तुतः प्रवासी जेट विमानात वरचा प्रवासीकक्ष आणि खालचा सामानकक्ष एकाच दाबबंद कवचात असल्याने दोहोंत हवेचा दाब सारखाच राहतो. ऊब आणि खेळती हवा यांची सोय मात्र प्रत्येक कक्षात सारखी नसते. म्हणूनच प्राण्यांची जागा आधी ठरवली जाते आणि विशेष मालाचे जे सूचनापत्र उड्डाणापूर्वी वैमानिकाच्या हाती पडते, त्यात जिवंत प्राण्याची नोंद केली जाते. भारताच्या 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांतही, आंतरराष्ट्रीय प्रवासात कुत्र्यामांजरांना नियंत्रित तापमानाच्या दाबयुक्त कक्षातच ठेवावे, असे बजावलेले आहे.

अफवा निव्वळ खोटी असती, तर तिच्याकडे काणाडोळा करता आला असता. पण ती भीतीला भलत्याच जागी नेऊन बसवते, हा तिचा खरा अपराध आहे. कुत्र्याच्या जिवाला मोठा धोका असतो तो आकाशात नव्हे, तर विमानतळाच्या तापलेल्या फरशीवर, उड्डाण लांबल्यामुळे उन्हात ताटकळणाऱ्या पिंजऱ्यात; अमेरिकी नियमांनी विमानापर्यंतच्या ने-आणीत सुमारे 29.5 अंश सेल्सिअसपेक्षा अधिक उष्णतेत 45 मिनिटांहून जास्त काळ ठेवण्यास मनाई केली आहे, ती याच कारणाने. उलट, काळोखात ते घाबरेल या कल्पनेने मालक त्याला निघताना गुंगीची गोळी चारतात. या गोळीने रक्तदाब उतरतो, शरीराचे तापमान सांभाळण्याची शक्ती मंदावते आणि पिंजरा हलला की पाय रोवून तोल सावरणेही कुत्र्याला जमत नाही, म्हणूनच पशुवैद्यक तिच्या विरोधात असतात आणि गुंगीत असलेले कुत्रे अनेक विमान कंपन्या स्वीकारत नाहीत. तरीही ही गोळी दिली जाते, आणि दुर्दैवाने ती मायेपोटीच दिली जाते.

चपट्या नाकाच्या जातींचा प्रश्न याहून अवघड आहे. कुत्रे घामाने नव्हे, तर मुख्यतः धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर सोडते. पग किंवा बुलडॉग यांचे तोंड माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आखूड केल्यामुळे त्यांच्या नाकपुड्या अरुंद आणि टाळूचा मऊ भाग लांब झालेला असतो, परिणामी नेमक्या गरजेच्या वेळी श्वासाची वाट अपुरी पडते. अमेरिकेच्या वाहतूक खात्याकडे मे 2005 पासूनच्या पाच वर्षांत विमानप्रवासातील 122 कुत्र्यांच्या मृत्यूंची नोंद झाली. त्यांतील शुद्ध जातीच्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्मी आखूड तोंडाची होती आणि एकट्या इंग्लिश बुलडॉगची संख्या 25 होती. या आकड्यांतही एक खोच आहे. त्या काळी घरात पाळलेल्या प्राण्याचाच मृत्यू कळवणे कंपन्यांवर बंधनकारक होते. पैदासकारांनी विक्रीसाठी धाडलेली पिल्ले या मोजणीबाहेर राहत, आणि ती त्यात आली 2015 पासून. ज्याच्यासाठी रडणारे कोणी आहे त्याचाच मृत्यू मृत्यू मानावा, अशी ही व्यवस्था होती आणि तिच्याविषयी कधी अफवाही उठली नाही.

एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे पग महाराष्ट्रातही घरोघरी पोहोचला. त्यातील एखादे म्हातारे, चार पावलांत धापा टाकणारे कुत्रे पुण्यातील आजी-आजोबांकडे ठेवून जाणाऱ्या कुटुंबाला निष्ठुर म्हणण्याची घाई केली जाते. ताटातूट कुत्र्यालाही सोसावी लागते, हे खरे. तरीही अशा कुत्र्याच्या बाबतीत सोबत नेण्याचा हट्टच अनेकदा अधिक निष्ठुर असतो.

कागदपत्रांच्या बाबतीत तर अफवेचे रूपांतर थेट गैरव्यवहारात होते. भारतातून अमेरिकेत न्यायचे कुत्रे 1 ऑगस्ट 2024 पासून किमान सहा महिन्यांचे असावे लागते, त्याच्या कातडीखाली ओळखचिप असावी लागते आणि लस भारतात टोचलेली असल्यास, रेबीजविरोधी प्रतिपिंडे म्हणजे रोगाशी लढणारी द्रव्ये रक्तात पुरेशी आहेत का, याची तपासणी करावी लागते, अन्यथा 28 दिवसांचे विलगीकरण वाट्याला येते. नोकरीवर रुजू होण्याची तारीख तोंडावर आलेल्या माणसाला हा सारा सोपस्कार जाचक वाटतो आणि ‘एजंट सगळे मॅनेज करतो’ हे वाक्य त्याला पटू लागते. लसीकरणाचे बनावट दाखले घेऊन येणारी कुत्री वाढल्याचे आढळल्यावर अमेरिकेने जुलै 2021 मध्ये भारतासह शंभराहून अधिक देशांतील कुत्र्यांचा प्रवेश स्थगित केला, तेव्हा ज्यांनी प्रत्येक लस वेळेवर टोचून घेतली होती त्यांची कुत्रीही विशेष परवान्याची वाट पाहत अडकून पडली.