गुप्त गंगाजळी

माणसाचं मन केवढं आहे हे उजेडात कळत नाही. त्यासाठी वीज जावी लागते, आणि तीही तास-दोन तास जाऊन भागत नाही. 3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं आणि आमच्या वाडीची वीज गेली, ती चांगली तेवीस दिवस. विजेचे खांब आडवे, त्यांच्यावर माड आडवे, माडांवर पोफळी आडव्या. जी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, ती पडायला सहा-सात मिनिटंही लागली नाहीत. एवढा घसारा आमच्या बी.कॉम.च्या पुस्तकात कुठेच नव्हता.

पहिले चार दिवस वाडीत रामराज्य होतं. पंप बंद म्हणून सगळे रहाटावर, टीव्ही बंद म्हणून सगळे ओटीवर. अंधार सगळ्यांच्या वाट्याला सारखा. पाचव्या दिवशी बातमी आली, की टेकडीवर मोबाईलला रेंज मिळते. झालं! समाजात तत्काळ दोन वर्ग पडले : ज्यांच्या मोबाईलमध्ये जीव आहे ते, आणि ज्यांच्या नाही ते.

आता कबुली देतो. माझ्याकडे एक पॉवर बँक होती. वीस वर्षं बँकेत कारकुनी केलेल्या माणसाच्या घरात निदान एक तरी बँक असायचीच. ती मी माजघरात तांदळाच्या डब्यात दडवली होती. दोन मोबाईल जेमतेम भरतील एवढी तिची ऐपत, आणि वाडीत घरं बावीस.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. मुलगा मुंबईला, त्यात करोनाचे दिवस. म्हणाल्या, "बाळा, तुझ्या मोबाईलात जीव आहे का रे?"

"नाही हो काकू, कधीच गेला," मी म्हणालो. आवाजात दुःखही आणलं. काकू "बरं" म्हणून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओटीवर रॉकेलची अर्धी बाटली. जपून ठेवलेल्यातली निम्मी.

आता तुम्ही म्हणाल, वस्तू तुझी, पैसे तुझे. यात पाप कुठलं? मीही रात्रभर हाच खटला चालवला. आरोपी मी, वकील मी, न्यायाधीशही मीच. तरी सुटका होईना! सौ.चा मुद्दा बिनतोड होता : "आज काकूंना दिलंत, की उद्या बावीस घरं दारात. आणि रात्री-अपरात्री डॉक्टरांना फोन लागला तर?" अडीअडचणीसाठी राखून ठेवणं याला आमच्या धंद्यात शहाणपण म्हणतात. पण ताळेबंदात दाखवता येते ती गंगाजळी. जी काढण्याआधी दाराकडे बघावं लागतं, तिला दुसरं नाव आहे. शिवाय नकार देण्याचा हक्क मला होता; खोटं बोलण्याचा नव्हता. "आहे, पण देत नाही" एवढं म्हणण्याचीही माझी छाती झाली नव्हती.

सकाळी डबा उघडून, बँक पुसून काकूंकडे गेलो. म्हटलं, "काकू, ही... म्हणजे सापडली."

काकू हसल्या. "सापडली कसली? चार रात्री तुझ्या माजघरात निळा उजेड दिसतोय. मिट्ट काळोखात काजवासुद्धा लपत नाही रे."

"मग रॉकेल का दिलंत?"

"अरे, तुझ्याकडे मोबाईल होता. रॉकेल कुठे होतं?"

वाणिज्य शाखेच्या तीन वर्षांत असला हिशेब मला कोणी शिकवला नव्हता.

काकूंचा मोबाईल भरला आणि आम्ही टेकडी चढलो. मुलाशी त्या दोन मिनिटं बोलल्या, त्यातलं दीड मिनिट "जेवलास का?" यात गेलं. उरलेलं चार्जिंग खालच्या आळीतल्या बाळंतिणीच्या घरी गेलं. बावीस घरं काही दारात आली नाहीत. माणसं आपल्याला वाटतात तेवढी हावरट नसतात. आपण स्वतःवरून अंदाज बांधतो, तिथे चुकतं.

तेविसाव्या दिवशी वीज आली. सगळी वाडी ओरडली. मी आधी पॉवर बँक लावली. हल्ली ती ओटीवरच्या कोनाड्यात असते, सगळ्यांना दिसेल अशी. तांदळाच्या डब्यात आता फक्त तांदूळ. फक्त वीज गेली रे गेली, की काकू अजून हाक मारतात, "बाळा, सापडली का रे?"